मानपाडा रोडच्या टोकाला

गेली एकतीस वर्षे मी माझ्या पत्त्यात 'मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व' असे लिहीत आलो आहे. रेशनकार्डावर, विजेच्या बिलावर, मुलीच्या लग्नपत्रिकेवर, सगळीकडे. पण हा मानपाडा आहे तरी कुठे आणि तिथे राहते कोण, हा प्रश्न मला एकतीस वर्षांत एकदाही पडला नाही. सकाळच्या लोकलला लोंबकळणाऱ्या माणसाला रस्त्याचे एकच टोक ठाऊक असते, ते म्हणजे स्टेशनचे. दुसऱ्या टोकाला काय आहे हे पाहायला सवड लागते.

मानपाड्याशी माझा संबंध आला तो एकदाच, आणि तोही चुकून. आमचे एक मावसभाऊ सांगलीहून प्रथमच आमच्याकडे यायला निघाले होते. फोनवर घाईघाईत मी नुसते 'मानपाडा' म्हटले. भाऊसाहेब ठाण्याला उतरले, रिक्षा केली आणि घोडबंदर रस्त्यावरच्या मानपाड्यात जाऊन उभे राहिले. तिथून त्यांचा फोन आला, "अरे, इथे पाठीमागे जंगल दिसतेय. तुझी बिल्डिंग कुठे आहे?" तेव्हा मला कळले की मानपाडे दोन आहेत. तो ठाण्याचा मानपाडा येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत बसलेला. माघ-फाल्गुनात त्याच्या मागच्या रानात पळस फुलतो. आमचा मानपाडा कल्याण-शिळ रस्त्यावरचा. त्याला पळसाची हौस परवडत नाही. आता दोन्ही रस्त्यांवर मेट्रोचे मार्ग आखले गेले आहेत. तिकडे चौथी मार्गिका, इकडे कल्याण-तळोजा ही बारावी, आणि दोन्हींवर मानपाडा नावाचे स्थानक आहे! पाहुण्यांच्या चुकण्याची कायमची सोय झाली म्हणायची.

असो. गेल्या वर्षी मी बँकेतून निवृत्त झालो. पहिले दोन महिने झोपेत गेले, तिसरा वर्तमानपत्रात गेला आणि चौथ्या महिन्यात मी स्वयंपाकघरात जाऊन डबे लावून देऊ लागलो. तेव्हा आमच्या मंडळींनी निर्वाणीचे सांगितले, "सकाळी दोन तास बाहेर जात जा. कुठेही जा, पण जा!" माघी गणपतीचा दिवस होता. मी पायांत बूट चढवले, स्टेशनच्या बाजूला जायच्या सवयीने वळलो, थांबलो, आणि आयुष्यात प्रथमच पाठ फिरवून उलट दिशेने चालू लागलो.

रस्ता म्हणजे रस्ताच. दोन्ही बाजूंना फर्निचरची दुकाने, क्लासेस, दवाखाने. पिंपळेश्वराचे देऊळ गेले, सागाव गेले. पुढे कल्याण-शिळ रस्ता आडवा आला आणि ट्रकांच्या धुरळ्यात माझा मानपाडा रोड संपला. मी थोडा हिरमुसलोच. पण चौकातून आत एक बोळ वळत होता. त्यातून शंभर पावले गेलो आणि मागचा आवाज कुणीतरी दार लोटून घ्यावे तसा कमी झाला. कौलारू घरे आता मोजकीच. बाकीची दोन-तीन मजली, टाइल्स लावलेली. पण अंगण सारवलेले, तुळशीवृंदावन रंगवलेले, आणि एका घराच्या ओट्यावर पिवळेधमक ऊन अंगावर घेत एक म्हातारे गृहस्थ जाळे विणत बसले होते.

"गुरुजी, कय शोधताय?" त्यांनी विचारले.

मी शिक्षक नाही, बँकेत होतो, असे मी सांगितले. त्याचा काही उपयोग झाला नाही. चष्मा आणि पिशवी असलेला माणूस गुरुजीच, हे त्यांच्या मनात पक्के होते. आजतागायत मी गुरुजीच आहे. त्यांना सारे गाव मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणू लागलो.

बोलणे काढायचे म्हणून मी विचारले, "मामा, दिवसभर काय करता?" हा प्रश्न खरे तर मला स्वतःला विचारायचा होता.

मामा हसले. म्हणाले, "माना वेल कुठं हाय!"

मी अंगणात इकडेतिकडे वेल शोधू लागलो. कुंपणावर जांभळ्या फुलांचा एक वेल होताही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आगरी बोलीत 'ळ' नाही. तिथे डोळा म्हणजे डोला, आणि वेळ म्हणजे वेल. मामा सांगत होते की त्यांना वेळ नाही. पंचाहत्तरी उलटलेला, एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षे पाळ्या करून निवृत्त झालेला हा माणूस. याला वेळ नाही, आणि मला तो घालवायला जागा नाही! मी ओट्यावर बसकण मारली.

तेव्हापासून होळीपर्यंत मी आठवड्यातून दोनतीनदा तरी मानपाड्याला गेलो. शहरात थंडी म्हणजे स्वेटर काढायचा की नाही याचा आठ दिवसांचा वाद. गावात उतरत्या थंडीचे हे दोन महिने म्हणजे खरा ऋतू. भात झोडून झालेले, पेंढा रचलेला, पावसाला चार महिने अवकाश. पूर्वी या दिवसांत शेतकरी रिकामा असायचा असे आपण समजतो. मामांच्या संगतीत कळले की रिकामे असते ते शेत, माणूस नव्हे.

मामांचा दिवस पाचाला सुरू होतो. अंगावर घोंगडी घेऊन ते आधी वालाकडे जातात. भात निघाल्यावर खाचरात जी ओल उरते तिच्यावरच हा वाल टोकायचा. पुढे त्याला पाणी नाही, खत नाही. तो दंवावर पोसतो. माघातल्या पहाटे त्या बुटक्या रोपांवर इतके दंव असते की बांधावरून जाताना धोतर गुडघ्यापर्यंत भिजते. आपण डाळिंब्यांची उसळ करतो, तेव्हा या दंवाची आठवण कुणाला असते?

वाल पाहून झाला की राबाची तयारी. भाताची रोपे ज्या तुकड्यात करायची, तिथे शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा थर असे रचून पावसाच्या आधी ते भाजायचे. त्याने तण मरते आणि राखेचे खत मिळते. मामांच्या गोठ्यात आता गुरू नाही. शेण शेजारच्या तबेल्यातून येते. टहाळ कुठून आणता म्हणून विचारले, तर म्हणाले, "तुमची सोसायटीवाली झाडं तोडतात ना, त्याचा!" आमच्या पिंपळाच्या फांद्या छाटून पालिकेच्या गाडीत भरतात असे मला वाटत होते. त्यातला काही भाग असा मार्गी लागत होता तर.

दहाच्या सुमारास जाळे. हे जाळे म्हणजे पाग. छत्रीसारखा गोल, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेला, एकट्या माणसाने हातातून फेकायचा. मामांचा पाग नायलॉनचा आहे, पण सुई लाकडाची, त्यांच्या वडिलांची. खाडी तिकडे भोपर-देसईच्या बाजूला. एक दिवस मी विचारले, भरती कधी हे कसे कळते? मोबाइलवर पाहता का? मामा म्हणाले, "आज तिथी कोन्ती? त्याची पाऊनपट कर." चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, तीन वाजता समुद्राला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. इतक्या आत खाडीत पाणी चढायला त्यावर आणखी थोडा वेळ धरायचा. अडतीस वर्षे मी व्याज मोजले. इतके सुटसुटीत गणित मला बँकेत भेटले नाही. घरी येऊन मी तक्त्याशी ताडून पाहिले. चूक काढण्याची माझी जुनी खोड. फारशी सापडली नाही.

"मासे मिळतात?" मी विचारले.

"पहिल्यासारखं नाय. जिताडा तर वर्षातून एखादा," मामा म्हणाले, आणि फाटलेला डोळा सांधू लागले. मिळत नाही तर जाळे कशाला, असे माझ्या तोंडाशी आले होते. बरे झाले, बोललो नाही.

संध्याकाळी देवळात हरिपाठ. मामा पखवाज वाजवतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात हे मला माहीत होते; पण ती कणीक मामींच्या परातीतून चोरली जाते आणि त्यावरून रोज त्याच दोन वाक्यांचे भांडण होते, हे काही कुठल्या पुस्तकात लिहिलेले नाही. मामी स्वतःही रिकाम्या नाहीत. त्या धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात धवळे गाऊन विधी चालवणारी बाई म्हणजे धवलारीण. तिला मान मोठा. माघातल्या लग्नतिथ्या सुरू झाल्या की मामींना बोलावण्यावर बोलावणी. एका लग्नात मी त्यांना पाहिले. मांडवाबाहेर ध्वनिवर्धकांची भिंत दणदणत होती, आणि आत हळदीपाशी तीन म्हाताऱ्या एका लयीत गात होत्या. बाहेरचे गाणे दर पाच मिनिटांनी बदलत होते. आतले संपायचे नाव घेत नव्हते.

मामांची सर्वांत मोठी हौस मात्र बैलगाडीची शर्यत. तरुणपणी ते स्वतः गाडी हाकायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून पुन्हा परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात राज्याचा कायदा कायम केला, हे मामांना तारखांसकट पाठ आहे. मी बैलांना त्रास होतो की नाही असा शहरी प्रश्न विचारला. मामा जरा वेळ गप्प राहिले. "मारनारा असतो, त्याचा बैल दुसऱ्या साली पलत नाय," ते म्हणाले. "पन मारनारा असतो, ते खरं." आपल्या हौसेविरुद्ध साक्ष देणारा माणूस मला त्यानंतर जास्तच आवडू लागला.

माघी पौर्णिमेला मामा मलंगगडावर गेले. मानपाड्याच्या मागे, इमारतींच्या फटीतून, तो डोंगर निळा दिसतो. कुणी त्याला हाजी मलंगबाबांचा म्हणतो, कुणी मच्छिंद्रनाथांचा. तिथली वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या केतकरांच्या घराण्याकडे आहे. त्यावरून वादही पुष्कळ झाले. मामा वादात पडत नाहीत. लहानपणी बापाच्या खांद्यावरून गेलो, म्हणून जातो, इतकेच म्हणतात. मी निम्म्या पायऱ्यांवर दम खात बसलो आणि पंचाहत्तरीचे मामा परत उतरताना मला घेऊन आले. महाशिवरात्रीला खिडकाळीच्या खिडकाळेश्वराला मात्र मी शेवटपर्यंत पोहोचलो, कारण तिथे चढ नाही.

याच मधल्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, मामांनी मला पोपटी खायला बोलावले. पोपटी हा खरा रायगडचा प्रकार. मामींचे माहेर पनवेलकडचे, म्हणून तो इकडे आला. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या कोवळ्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी, पुन्हा पाला. मग मडके उपडे घालून भोवती पेंढा आणि लाकडे पेटवायची. पाण्याचा एक थेंबही आत नाही. मडक्यावर पाणी शिंपडले आणि ते चर्र होऊन उडाले की झाले. साडेसहा गुंठ्यांच्या त्या तुकड्यावर, तीन बाजूंनी वीस-वीस मजल्यांचे दिवे, मध्ये आमचा जाळ. नातवंडे शेंगा सोलून तोंड भाजून घेत होती.

शेंगा खाता खाता मामांनी विचारले, "गुरुजी, तुमची बिल्डिंग कनची?"

मी खूण सांगितली. अमुक शाळेच्या मागची, डाव्या हाताला पिंपळ.

"म्हणजे बेडकीत ऱ्हाता तुमी!" मामा आनंदाने म्हणाले.

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. प्रत्येक खाचराला नाव असते. आमची इमारत उभी आहे ते खाचर मामांच्या मामाचे होते आणि त्याचे नाव बेडकी, कारण ते सगळ्यांत सखल. पहिला पाऊस पडला की तिथे बेडूक ओरडायचे. त्या ओळीने मग मामा एकेक इमारतीचे नाव उच्चारू लागले, पण ती इमारतींची नावे नव्हती. नाट्यमंडळाचे सभागृह म्हणजे चिंचेखालची. बँकेची शाखा म्हणजे वाकडा बांध. जिथे माझ्या मुलीचे लग्न झाले ते कार्यालय म्हणजे नाचणीचा माळ. त्यांच्या डोक्यात एक दुसराच गाव आहे, आणि आमचा गाव त्याच्यावर अंथरलेला आहे.

मी मात्र एका वेगळ्याच विचारात पडलो. आमच्या आवारात दर जुलैमध्ये गुडघाभर पाणी साचते. एकतीस वर्षांत आम्ही दोनदा गटार बदलले, एकदा पंप बसवला, तीन सेक्रेटरी बदलले. सभेत त्या पाण्यावरून माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली. ही हकीगत मी सांगितली तेव्हा मामा हसले नाहीत. म्हणाले, "पानी त्याच्या जागेवर येतं, गुरुजी. त्याला कोन सांगनार, जागा इकली म्हनून?"

जाळ खाली बसला तेव्हा मामांनी सहज सांगून टाकले की होळीनंतर हा तुकडाही जाणार. दसऱ्याआधीच भावाभावांनी बिल्डरला लिहून दिला होता. मला काय बोलावे सुचेना. मी रागाने बिल्डरला चार शब्द बोललो. मामांनी मला थांबवले.

"सही माजीच हाय. पोरांना जागा नको? दोघांची लग्नं एकाच खोलीत झाली. नातीला शिकायचं हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "ही सत्तावीस गावं त्र्याऐंशीला पालिकेत गेली, २००२ ला भायेर काढली, २०१५ ला परत आत घातली. आमी कुठं हाललोच नाय. शीव हालते."

तक्रार नव्हती त्यात. पण त्या रात्री ते पखवाज वाजवायला गेले नाहीत.

फाल्गुनात वाल वाळला. रोपे उपटून, झोडून, मामींनी सुपात पाखडला. पावणेदोन पायली निघाला. राब मात्र यंदा मामांनी भाजला नाही; रोपे लावायची कुठे? रचून ठेवलेला टहाळ तसाच होळीत गेला. आगऱ्यांची होळी मोठी. गाव नाचत होता, मामाही नाचले. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर तुकड्याभोवती निळे पत्रे लागायला सुरुवात झाली होती आणि मामा ओट्यावर बसून पाग विणत होते. त्याच जागी, त्याच उन्हात. तेव्हा मला उमगले, की मासे मिळत नसताना जाळे का विणायचे हा प्रश्नच चुकीचा होता. आपण छंद म्हणतो ते काम संपल्यावर उरलेल्या वेळाला लावायचे ठिगळ. मामांना अशी फट ठाऊकच नाही. काम गेले तरी त्यांनी हात खाली ठेवले नाहीत. हात थांबले तर ज्या डोक्यात बेडकी आणि वाकडा बांध शाबूत आहेत, ते डोकेही थांबेल, अशी त्यांना भीती असावी. त्यांनी तसे सांगितले नाही. हे माझे अनुमान.

गेल्या श्रावणात मामा प्रथमच आमच्या घरी आले. चहा न घेताच खाली उतरले आणि आवाराला एक फेरी मारली. मागच्या भिंतीशी, पंपाच्या खोलीशेजारी, जिथे फरशी उखडली आहे आणि कायम चिखल असतो, तिथे ते उकिडवे बसले. मूठभर माती उचलून दाबून पाहिली.

"हा बेडकीचा कोना," ते म्हणाले. "इथं दिवाळीपातूर ओल ऱ्हाते."

मग खिशातून त्यांनी कागदाचे एक पुडके काढून माझ्या हातावर ठेवले. शेतातला बुटका वाल नव्हे; तो इथे यायचा नाही. कुंपणावरचा, जांभळ्या फुलांचा, वर चढणारा. "भिंतीला दोरी बांधा. पुढचं त्याचं तो बघेल."

सोसायटीच्या सभेत मी हा विषय मांडला. दोन तास चर्चा झाली. साप येतील, डास होतील, शेंगा कोणाच्या, असे तीन मुद्दे निघाले. शेवटी ठराव झाला, की शेंगांवर सर्व सभासदांचा समान हक्क राहील आणि जोखीम माझी एकट्याची. ज्यांच्यात पाण्यावरून अबोला होता त्या दोघांनी या ठरावाला सूचक आणि अनुमोदक म्हणून सह्या केल्या.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा फरशीचा तो कोपरा मोकळा करून झालेला असेल. बी टोकायला मामा येणार आहेत; मामींनी कणीक वाचेल म्हणून त्यांना पूर्ण दिवसाची सुट्टी दिली आहे. तेव्हा यंदा थंडीत आमच्याकडे आलात तर जरूर या, पण घोडबंदरच्या मानपाड्याला उतरू नका. आणि निवृत्तीनंतर वेळ कसा जातो, असे मला विचारू नका. मी तुम्हाला सरळ खाली नेईन आणि म्हणेन, "हा बघा. माझ्याकडे वेल हाय!"